टीव्हीतली बाई कधी बसत नाही

आईच्या घरात कुणीही आलं तरी पहिला शब्द एकच असायचा, 'बसा.' नागपूरला पोस्टमन असो, गॅस सिलिंडरवाला असो, वर्गणी मागायला आलेली पोरं असोत, आधी बसायचं, मग बोलायचं. अमेरिकेत शिकागोजवळच्या नेपरव्हिलला ती आमच्याकडे सहा महिन्यांसाठी आली, तेव्हाही तिने ही सवय सोडली नाही. पार्सल घेऊन आलेल्या गणवेशातल्या माणसाला तिने 'सिट, सिट' म्हणत सोफा दाखवला. तो बिचारा सही घेऊन जवळजवळ पळालाच. 'काहून पळाला तो?' असं तिने संध्याकाळी मला विचारलं. इथे पार्सलवाले बसत नाहीत, एवढंच मी सांगितलं. आईला ते पटलं नाही.

या सवयीला कारण होतं. आम्ही बौद्ध. आईच्या लहानपणी तिची आई गावातल्या ज्या घरांमध्ये काही सांगायला, काही मागायला जायची, तिथे पायरीच्या खाली उभं राहूनच बोलावं लागे. पुढे आई नागपुरात महापालिकेच्या शाळेत शिक्षिका झाली आणि निवृत्त झाली ती मुख्याध्यापिका म्हणून. गैरहजर मुलांच्या घरी जायची तिची पद्धत होती. एखाद्या घरी आधी आडनाव विचारत आणि मग दारातच उभं ठेवून बोलत. तेव्हा तिने स्वतःपुरता नियम केला, की जिथं बस म्हणत नाहीत तिथं थांबायचं नाही. एका साहेबाच्या केबिनमधून ती अशीच परत फिरली होती. साहेबाने फायलीतून मान वर केली तेव्हा समोर कुणी नव्हतं. बदली झाली, ती तिने आनंदाने घेतली.

नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं होती ती. दोन हजार साल उजाडलं की कॉम्प्युटर बंद पडतील, या भीतीने इथल्या कंपन्या आमच्यासारख्यांना पोत्याने भरून आणत होत्या. मी आणि नवरा दोघेही त्याच पोत्यातले. मी रोज ट्रेनने शिकागोला जायची, नवरा जवळच कामाला होता. मुलगी दुसरीत होती. शाळा सुटल्यावर तिच्याकडे बघायला आई आली होती. दुपार तिची एकटीची, आणि खिडकीबाहेर बर्फ. मग उरला टीव्ही.

केबल आम्ही घेतली नव्हती. मुलीच्या अभ्यासाचं कारण सांगत असू, पण खरं कारण म्हणजे दोघांचाही चेंगट स्वभाव. टीव्हीच्या डोक्यावर दोन काड्यांचा अँटेना होता. त्याच्यावर सगळ्यात स्वच्छ दिसायचं ते एक स्पॅनिश चॅनल. आईला इंग्रजी बेताचं येई, स्पॅनिश तर मुळीच नाही. पण आठवडाभरात तिने मला त्या दुपारच्या मालिकेची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. गरीब मुलगी खरं तर श्रीमंताची लेक आहे, हे तिच्या मावशीला माहीत आहे आणि मावशी आजारी आहे. मी म्हटलं, तुला कसं कळलं? 'यात न कळण्यासारखं काय आहे?' आई म्हणाली. 'फक्त एक सांग, ही काळी बाई बसत काहून नाही?'

काळी बाई म्हणजे त्या घरातली मोलकरीण. नायिका गोरी, पिंगट केसांची, गरिबीतही नखं रंगवलेली. मोलकरीण सावळी, दोन वेण्या, पुढे एप्रन. ती ट्रे घेऊन यायची, रडायची, दारामागून ऐकायची, देवाला हात जोडायची, पण बसायची नाही. सगळे सोफ्यावर, आणि ही सोफ्यामागे. आईला त्या मालिकेत प्रेमाचं काय होतं याची फारशी काळजी नव्हती. ही बाई कधी बसते याकडे तिचं लक्ष होतं. 'आज तरी बसेल वाटलं,' ती मला सांगायची, 'मालकीण मेली ना आज. पण नाही बसली.'

शेजारीण आमच्या घरात शिरली ती अशाच एका मालिकेमुळे. ती आमच्याच इमारतीत तळमजल्याला एकटी राहायची. मूळची कोलंबियाची, शिकागोतल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात घरांचे नकाशे काढायची. माझ्याच ट्रेनला असायची, पण तोवर आम्ही एकमेकींकडे बघून नुसतं हसत होतो. चुकून तिच्याकडे गेलेलं आमचं टपाल द्यायला ती एका संध्याकाळी वर आली. आईने दार उघडलं, तिचा हात धरला आणि तिला टीव्हीसमोर बसवलं. त्याच चॅनलवरची संध्याकाळची मालिका नुकतीच सुरू झाली होती. अर्ध्या तासानंतर मी स्वयंपाकघरातून बाहेर आले, तर दोघी आपापल्या भाषेत त्या खलनायकाला शिव्या देत होत्या.

मग ती रोज येऊ लागली. ऑफिसातून आली की कोट काढायची, बूट दाराशी आणि तडक सोफ्यावर आईशेजारची जागा. ती स्पॅनिशचं इंग्रजी करून सांगायची, मी इंग्रजीचं मराठी. आई मराठीत शेरा मारायची, तो उलट्या वाटेने परत जायचा. या प्रवासात पुष्कळ काही सांडत असणार, पण हसू बरोबर ठिकाणी यायचं. मुलगी तिला मावशी म्हणायची. ती मुलीला 'मि रेइना' म्हणायची, म्हणजे माझी राणी. मुलगी दार उघडायला धावायची ती हेच ऐकायला.

मालिका संपली की मुलगी इंग्रजी चॅनल लावायची आणि मग शेजारणीचा खरा कार्यक्रम सुरू व्हायचा. इंग्रजी टीव्हीवर तिच्यासारख्या बायका तीनच प्रकारच्या असतात, असं तिचं म्हणणं होतं. एक मोलकरीण, जी तुटक इंग्रजीत विनोद करते. दुसरी तंग कपड्यांतली, कमरेवर हात ठेवून भांडणारी, बशा फोडणारी. आणि तिसरी पोलिसांच्या मालिकेत, जिचा मुलगा रस्त्यावर मरून पडलेला असतो आणि जिला फक्त किंचाळायचं असतं. 'मी सतरा वर्षं या देशात आहे,' ती म्हणायची, 'मी एकही बशी फोडलेली नाही.' तिचा नकाशे काढणारा डोळा तर फारच तिखट होता. एका विनोदी मालिकेतलं घर तिने कागदी रुमालावर काढून दाखवलं. 'ही बाई स्वयंपाकघरातून येते आणि स्वयंपाकघरात जाते. या स्वयंपाकघराला बाहेरचं दारच नाही. मग ही राहते कुठे? फ्रिजमध्ये?'

मी हे आईला सांगितलं. आई पोट धरून हसली आणि मग म्हणाली, 'आपल्या टीव्हीवर तरी काय वेगळं हाय? लुगडं खोचलेली, पान खाणारी, गावठी बोलून हसवणारी. तिचं तरी घर कोण दाखवते?' हे मी इंग्रजीत सांगितलं, तेव्हा शेजारणीने आईचा हात हातात घेऊन थोपटला.

मला स्वतःला यात रस असण्याचं कारण होतं. माझा रंग, माझे केस आणि माझी उंची यांमुळे इथे मला सर्रास तिच्याच बाजूच्या देशांपैकी कुठलीतरी समजत. दुकानात माझ्याशी स्पॅनिशमध्ये बोलत. ऑफिसात एकदा मीटिंगच्या खोलीत मी सगळ्यांच्या आधी जाऊन बसले होते, तर बाहेरगावाहून आलेल्या एका गृहस्थांनी मला कॉफी संपल्याचं सांगितलं. मी त्यांना कॉफीचं मशीन दाखवलं आणि नंतर तासभर त्यांच्याच प्रोग्रॅममधल्या चुका दाखवल्या. ते नम्र गृहस्थ होते, दोनदा सॉरी म्हणाले. मला त्यांचा राग आला नाही. माझ्यासारखी दिसणारी बाई त्यांच्या दिवाणखान्यात रोज रात्री ट्रे घेऊन येत होती. माझ्या हातात ट्रे नाही हे त्यांच्या लक्षात यायला वेळ लागला, इतकंच.

फेब्रुवारीत मुलीच्या शाळेत कार्यक्रम ठरला. दुसरीच्या वर्गाने एक छोटं नाटक बसवायचं, टीव्हीवर लागतं तसं. एक कुटुंब, एक कुत्रा, एक शेजारी आणि एक मोलकरीण. वाढदिवसाचा केक नाहीसा होतो आणि सगळे एकमेकांवर संशय घेतात. केक कुत्र्याने खाल्लेला असतो. मोलकरणीला ते माहीत असतं, पण तिला कुणी विचारतच नाही. मोलकरणीला अर्थातच स्पॅनिश नाव होतं. मुलगी उड्या मारत घरी आली. 'मम्मा, आय गॉट द बेस्ट पार्ट!'

मी विचारलं, कुठला? तिने सांगितलं, आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. वर्गात सावळ्या मुली दोनच. नवरा म्हणाला, 'जाऊ दे ना यार, सेकंड ग्रेडचं स्किट आहे. इश्यू करू नको.' इश्यू करू नको, हे त्याचं या देशातलं ब्रीदवाक्य होतं. आमचं व्हिसाचं काम अर्धवट होतं, त्यामुळे त्याला सगळीकडेच इश्यू दिसायचे. मी दुसऱ्या दिवशी उशिराची ट्रेन घ्यायची ठरवली आणि सकाळी शाळेत गेले.

तिची टीचर गोड बाई होती. तिने मला लहान मुलांच्या खुर्चीवर बसवलं. 'पण तिने स्वतः मागून घेतला तो रोल,' ती म्हणाली. 'सगळ्यांनाच हवा होता, सगळ्यात जास्त हशे त्यालाच आहेत. आणि तिला ॲक्सेंट किती सुंदर जमतो!' मी काय बोलायचं ते, ऑफिसातल्या मीटिंगआधी ट्रेनमध्ये घोकते तसं, घोकून गेले होते, पण पोरीने आपणहून मागितलंय म्हटल्यावर माझी हवाच गेली. विचार करून सांगते म्हणून मी निघाले.

घरी रोल सोडायचा विषय काढला तर मुलीने रडून घर डोक्यावर घेतलं. 'यू डोन्ट अंडरस्टँड! स्किटमधली आई वगैरे सगळे बोरिंग आहेत. शी इज द फनी वन!' आईने हा सगळा तमाशा ऐकून घेतला, मग मुलीला जवळ ओढलं आणि मला म्हणाली, 'नाही म्हणू नको तिला. करू दे. फक्त एवढं पाह्य, की ती शेवटी बसली पाहिजे.'

'कुठे?'

'टेबलाशी. सगळ्यांच्या बरोबर. खुर्चीवर.'

मी टीचरला फोन केला. शेवटी केक कापतात तेव्हा मोलकरीणही खुर्ची ओढून बसली तर चालेल का? तिने आधी कुठल्या टेबलाशी ते विचारून घेतलं. मग म्हणाली, 'व्हॉट अ लव्हली आयडिया.' मला अगदी गड जिंकल्यासारखं वाटलं. संध्याकाळी आईला सांगितलं, तर तिचा चेहरा उजळला. एवढ्या महिन्यांत दोन भाषांच्या टीव्हीला जे जमलं नव्हतं ते ती दुसरीच्या वर्गाकडून करून घेणार होती.

तालमी आमच्या दिवाणखान्यात झाल्या आणि दिग्दर्शक अर्थात आई. संवाद मुलीला पाठच होते. ते इंग्रजीत, भरभर, म्हणून आईने त्यात लक्ष घातलं नाही. तिचा सगळा भर शेवटच्या प्रवेशावर. 'अशी टेकायची नाही,' ती सांगायची, 'टेकणं म्हणजे बसणं नाही. पूर्ण मागं सरकायचं. पाठ टेकवायची. हात टेबलावर.' मुलगी हसत हसत बसायची, उठायची, पुन्हा बसायची. मी भाजी चिरत ऐकत होते. मुलीचे उच्चार बदललेत हे मला कळत होतं. एस्कूल, एस्पून, एस्टॉप. पण नागपुरात अर्धं गाव इस्कूल आणि इस्टेशन म्हणतं. आमच्या कानांना त्यात खटकण्यासारखं काहीच नव्हतं. टीव्हीवरून उचललं असेल, असं वाटलं. तालमी शनिवार-रविवारी सकाळी, शेजारीण वर यायच्या आधी उरकायच्या, कारण तिच्यासाठी ते सरप्राइज होतं. मुलीने स्वतः रंगवलेलं आमंत्रण तिच्या दाराखालून सरकवलं होतं.

कार्यक्रम गुरुवारी संध्याकाळी होता. शाळेच्या जिममध्ये घडीच्या खुर्च्या मांडलेल्या, एका टोकाला स्टेज, पालकांच्या हातात व्हिडिओ कॅमेरे. शेजारीण ऑफिसातून थेट आली, येताना फुलं घेऊन. आम्ही दुसऱ्या रांगेत बसलो. मध्ये आई, एका बाजूला मी, एका बाजूला ती. नवऱ्याच्या डोळ्याला कॅमेरा होता.

मुलगी एप्रन बांधून, हातात ट्रे घेऊन आली. आली ती मनगटाने कपाळावरची बट मागे सारत. हात ओले असले की शेजारीण करायची तस्सं. मग ट्रे ठेवून तिने कमरेवर हात ठेवला, मान तिरकी केली, ओठ बाहेर काढून एक लांब सुस्कारा सोडला. हशा. 'आय नो, नो, नो,' ती म्हणाली, आणि एस्पून कुठे गेला म्हणून विचारलं. मोठा हशा. मग सोनेरी केसांची, मोत्यांची माळ घातलेली सात-आठ वर्षांची मालकीण रडत आली. आमच्या मुलीने तिचे गाल दोन्ही हातांत धरले आणि भरल्या गळ्याने म्हटलं, 'मि रेइना! मि रेइना!' जिम दणाणून गेली. आमच्या मागच्या रांगेत एक बाई नवऱ्याला म्हणाली, 'अगदी आपल्या क्लीनिंग लेडीसारखी आहे ना?' ती प्रेमानेच म्हणाली.

हे सगळं मी आज सांगतेय तसं त्या वेळी मला दिसलं नाही. त्या वेळी मी खुर्ची बघत होते. टेबलाभोवती पाच खुर्च्या होत्या, सहावी बाजूला होती, आणि ती तिला ओढता येईल की नाही याची मला धास्ती होती. केक आला. मुलीने खुर्ची ओढली, बसली, मागे सरकली, पाठ टेकवली, हात टेबलावर ठेवले. आईने माझा हात गच्च दाबला. 'बसली,' ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही. शेजारीण टाळ्या वाजवत होती. फुलं तिच्या मांडीवर होती आणि टाळ्या वाजवताना खाली पडली. ती तिने उचलून मुलीला दिली, गालाला गाल लावला, आणि आपली गाडी घेऊन पुढे गेली.

आम्ही घरी पोचलो, मालिकेची वेळ झाली होती. आईने टीव्ही लावला, शेजारणीच्या जागेवरची उशी सरळ केली. दार वाजलं. शेजारीण आमचा स्टीलचा डबा घेऊन उभी होती. अंगात कोट, पायांत बूट. आई सोफ्यावर हात आपटत म्हणाली, 'ये, ये, बस. सुरू झालं.'

'सकाळी लवकरची मीटिंग आहे,' शेजारीण मला म्हणाली. डबा माझ्या हातात दिला. मुलगी धावत आली, एप्रन अजून अंगावर. 'मावशी, डिड यू लाइक इट?'

'यू वर व्हेरी गुड,' ती म्हणाली. एवढंच. मग गुड नाइट म्हणून जिना उतरून गेली.

मी दार लावलं. आईने टीव्हीकडे बघत विचारलं, 'काय झालं तिला?'

'घाईत होती. मीटिंग आहे म्हणे.'

'घाईतला माणूस पण टेकते,' आई म्हणाली. 'तिचा पाय दाराच्या आत आला नाही. ती बसली नाही.'

मुलगी सोफ्यावर चढली होती, शेजारणीच्याच जागेवर. मी तिला विचारलं, तू ते बोलणं कुठून शिकलीस, टीव्हीवरून? ती जवळजवळ दुखावली. 'नो! टीव्हीवरच्या लेडीज फेक असतात. टीचर म्हणाली मेक इट लाइक ऑन टीव्ही, पण मी मावशीसारखं केलं. शी इज रिअल.' आणि तिने पुन्हा मनगटाने बट मागे सारायची नक्कल करून दाखवली. हुबेहूब होती. पोरीचं त्या बाईवर जीवापाड प्रेम होतं, म्हणूनच इतकी हुबेहूब होती.

मी हे आईला समजावून सांगितलं. मि रेइनाला लोक हसले होते, हेही. आईने टीव्ही बंद केला. मालिका चालू असताना तिने टीव्ही बंद केल्याचं मला दुसरं उदाहरण आठवत नाही. मला लाज वाटली आणि रागही आला, पण राग कुणावर करायचा ते ठरेना. पोरीवर करण्यासारखा नव्हता. टीचरवर केला असता, पण खुर्ची मागायला मीच गेले होते आणि खुर्चीशिवाय काहीच मागितलं नव्हतं. आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या जे टोचलं होतं त्याच्यावर आम्ही बरोबर बोट ठेवलं. तिला काय टोचतं ते ती महिनाभर आमच्याच सोफ्यावर बसून, रुमालावर चित्रं काढून सांगत होती, आणि आम्ही त्यावर पोटभर हसलो होतो.

शुक्रवारी सकाळी ट्रेनमध्ये ती नेहमीच्या जागी नव्हती. आमच्या ट्रेनचे डबे दुमजली होते. खाली जोडीजोडीने बाकं, वरच्या मजल्यावर खिडकीकडे तोंड करून एकेकट्या खुर्च्या. ती वर बसली होती. मला तिचे बूट दिसले. मी खाली बसून राहिले. वर जाऊन बोलायचं तर शेजारी बसायला जागा नव्हती, आणि तिने ती जागा त्याचसाठी निवडली असणार.

शनिवारी सकाळी आईने आंघोळ करून पांढरी साडी नेसली. विहारात जाताना नेसते ती. मुलीला बूट घालायला लावले. मी कोट घ्यायला वळले तर म्हणाली, 'तू येऊ नको.'

'अगं, तुला बोलता कसं येईल तिच्याशी?'

'म्हणूनच. तू इंग्रजीत सॉरी म्हणशील आणि ती इंग्रजीत ओके म्हणेल. झालं, संपलं. तुम्हा दोघींना ते फार सोपं जाते.'

ती मुलीचा हात धरून जिना उतरली. मी दार उघडं ठेवून आत उभी राहिले. खाली बेल वाजली, दार उघडल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. बोलणं नाही, दार लागल्याचा आवाज नाही. मी भांडी लावली, कपडे मशीनला टाकले, पुन्हा दाराशी आले. तरी काही नाही. शेवटी खालचं दार लागलं. दोघी आत गेल्या की परत निघाल्या ते मला कळेना. वर कुणी आलं नाही, म्हणजे आत गेल्या असाव्यात.

जेवायच्या वेळेला त्या आल्या. मुलीच्या हातात साखर लावलेल्या बिस्किटांची पिशवी होती. आई दमलेली दिसत होती. ती सोफ्यावर बसली आणि गुडघे चोळू लागली. मी विचारलं, 'काय झालं?'

'काही नाही. तिने दार उघडलं. आम्ही उभ्या राहिलो.'

'दारात?'

'मग कुठं?'

मला ते डोळ्यांसमोर आणता येईना. ज्या घरात बस म्हणत नाहीत तिथून ही बाई जन्मभर परत फिरली होती, साहेबाच्या केबिनमधूनसुद्धा. मी मुलीकडे पाहिलं. 'आजी वुडन्ट मूव्ह,' ती म्हणाली. 'मीपण उभी होते. ट्रे नव्हता, तरी.'

'पण तिने बस म्हटलं ना?' मी आईला विचारलं.

'म्हटलं.'

'कधी?'

आई गुडघे चोळायची थांबली. 'तिला वाटलं तेव्हा,' ती म्हणाली.